तेराचा पंखा, अकराचा पंखा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला की माणसांसारखीच इंजिनंही दमतात. इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा हवेवर ठरते. सिलिंडरमध्ये जेवढी हवा शिरेल तेवढंच पेट्रोल धड जळणार. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंचीवर आहे. त्या उंचीमुळे हवेचा दाब तीन-साडेतीन टक्क्यांनी कमी, वरून उन्हानं हवा आणखी पातळ झालेली. किनाऱ्यावर ४० अश्वशक्ती देणारं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगतात ते, मेच्या भर दुपारी इथल्या तलावावर लावलं, तर त्यातली दोन-तीन अश्वशक्ती हवेतच जाते.

पंख्याला याची काही खबर नसते. इंजिनाखाली पाण्यात फिरणारा तो तीन पात्यांचा प्रोपेलर आपल्या मापाप्रमाणे पाणी मागे लोटत राहतो आणि तेवढी ताकद मागत राहतो. इंजिनाला ती देता आली नाही की त्याचे फेरे उतरतात. बोटीवरच्या माणसाला मात्र एवढंच जाणवतं, की आज बोट काही उचलून नाही राहिली.

मी पंपांच्या धंद्यातला माणूस. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांमधल्या विहिरी आणि बोअर यांच्यावर उभी हयात गेली, त्यामुळे पाणी ढकलणाऱ्या पात्यांशी जुनी ओळख आहे. त्या ओळखीपायी बोटवाले मित्रही माझ्याकडे येऊ लागले. विदर्भाला समुद्र नसला तरी पाण्याला तोटा नाही. रामटेकजवळचं खिंडसी आहे, पेंचवरचं तोतलाडोह आहे, वैनगंगेवरचं गोसेखुर्द आहे, भंडारा-गोंदियाकडचे जुने मालगुजारी तलाव आहेत. कुठं पर्यटनासाठी, कुठं मत्स्यव्यवसायासाठी, कुठं पुराच्या कामासाठी लहान बोटी येऊ लागल्या आहेत. बोट घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती एचपी?’ दुसरा, ‘स्पीड किती?’ पंख्याबद्दल कुणी विचारत नाही. इंजिनाबरोबर जो आला तो लागला, पाण्यात गेला, दिसेनासा झाला.

माझं म्हणणं असं आहे, की लहान बोटीत पंख्याची निवड इंजिनाच्या निवडीइतकीच मोलाची असते, आणि ती आपल्या पाण्यावर, आपल्या हवेत, रोज बसणारी माणसं बसवूनच करावी लागते. कॅटलॉगवरून फक्त सुरुवात कुठून करायची ते कळतं.

पंख्याच्या बुंध्यावर किंवा पात्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी लोण्यासारखं सरकणारं नसतं, घट्ट असतं, तर पंखा एका फेरीत जेवढे इंच पुढे गेला असता तेवढा त्याचा पिच. तेराचा पंखा म्हणजे १३ इंच. आता हिशेब करू. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेतंय आणि गिअरचं प्रमाण दोनास एक आहे, म्हणजे पंखा २७५० फेरे घेणार. गुणिले १३ इंच. ताशी साधारण साडेचोपन्न किलोमीटर होतात. प्रत्यक्षात बोट पंचेचाळीस-सत्तेचाळीसनं जाते. मधली तूट म्हणजे ‘स्लिप’.

ही स्लिप ऐकून बरेच जण हळहळतात, जणू कुणीतरी वाटेत चोरी केली. तसं नाही. पातं पाण्याला थोडं तिरपं भिडतं म्हणूनच जोर निर्माण होतो. स्लिप शून्य झाली तर ढकलणंच थांबेल. लहान धावत्या बोटीला दहा ते वीस टक्के स्लिप असणं रास्त आहे. ती तीस-पस्तीसवर गेली, तर मात्र कुठंतरी बिनसलंय असं समजावं. एक तर बोट अतिभार घेऊन चाललीय, किंवा इंजिन फार वर बसवलंय, किंवा पात्यांच्या कडा गेल्या आहेत.

आता मूळ घोळाकडे येतो. पिच मोठा म्हणजे वेग मोठा, हा समज सगळीकडे आहे. कागदावर तो खराही आहे, कारण वरच्या हिशेबात तेराच्या जागी पंधरा घातले की उत्तर वाढतं. पण त्या हिशेबात ५५०० हा आकडा आपण गृहीत धरलेला असतो, आणि पिच वाढवला की नेमका तोच कोसळतो. नागपुरात हे समजावणं सोपं आहे, कारण घरोघरी कूलर आहे. मोटर तीच ठेवून जास्त वाकड्या पात्यांचा पंखा कूलरला बसवा. घटकाभर हवा जोरात येईल, मग मोटर तापेल, फेरे उतरतील आणि संध्याकाळपर्यंत वाइंडिंगचा वास घरभर होईल. बोटीच्या इंजिनात हा वास येत नाही, एवढाच फरक. तिथं थ्रॉटल, म्हणजे बोटीचा अॅक्सिलरेटर, पूर्ण उघडा असतो आणि फेरे चढत नाहीत. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, ठोके पडतात, पिस्टनवर काजळी धरते. हे सगळं आत चाललेलं असतं, आणि चालवणारा थ्रॉटल आणखी रेटायला बघतो.

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला फेरे किती असावेत याची एक पट्टी दिलेली असते. आजच्या पुष्कळशा चार-स्ट्रोक आउटबोर्डना ती ५००० ते ६००० च्या आसपास असते. पंख्याच्या निवडीत माझ्या लेखी हाच आकडा मुख्य, बाकी सगळं त्याच्या मागून. नेहमीचा भार घेऊन पूर्ण थ्रॉटलला इंजिन त्या पट्टीत, जमल्यास पट्टीच्या वरच्या अर्ध्यात पोचलं, तर पंखा योग्य. खालीच राहिलं तर पिच जास्त झाला. पट्टी ओलांडून ओरडू लागलं, तर पिच कमी पडला. एक इंच पिच कमी-जास्त केला की साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. हे गणित खिशात असलं की अर्धं काम होतं.

यासाठी फेरे मोजणारा टॅकोमीटर मात्र हवा. बऱ्याच लहान बोटींवर तो नसतोच आणि माणसं कानावर विसंबतात. कान फसतो. पाण्याचा, वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज एकमेकांत मिसळला की ४७०० आणि ५२०० यांच्यातला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. प्लगच्या वायरला तार गुंडाळून चालणारे छोटे टॅकोमीटर मिळतात. वेग फोनमधल्या जीपीएसवर दिसतो. एवढी दोन साधनं पुरेशी आहेत.

एक उदाहरण सांगतो. माझ्या एका तरुण मित्राने सोळा फुटी फायबरची बोट घेतली, वर ४० अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन. बोट किनाऱ्याकडून आली आणि तिकडच्या विक्रेत्यानं तिला तेराचा पंखा लावून दिला होता. शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका तलावावर ती उतरवली. तो एकटा चालवायचा तेव्हा झकास पळायची. सहा माणसं बसली, की नाक वर, शेपूट खाली, समोर फक्त आभाळ. चालवणाऱ्याला पुढचं पाणी दिसायचं नाही. मनातल्या मनात वीस मोजावेत तेव्हा कुठं ती पाण्यावर चढायची, तीही एक-दोघांना पुढच्या बाकावर सरकवल्यावर. सगळ्यांना वाटलं इंजिनात दोष आहे. कार्ब्युरेटर उघडायची भाषा सुरू झाली. तलावावर बोट सांभाळणारा, लहानपणापासून पाण्यात वाढलेला ढिवर पोरगा मला म्हणाला, “काका, इंजिन तं पुरं ओरडून राहिलं, पन जोर कुठी जाते तेच समजून नाई राहिलं.”

टॅकोमीटर लावला. एकट्याने चालवल्यावर पूर्ण थ्रॉटलला ५६००. हे उत्तम. सहा जणांना घेऊन ४७००. पट्टीच्या खाली. इंजिन निरोगी होतं, त्याला फक्त त्याच्या फेऱ्यांपर्यंत जाऊ दिलं जात नव्हतं. समुद्रावर, एक-दोन माणसांसाठी कदाचित तेराचाच पंखा बरोबर ठरला असता. इथं भार वेगळा, हवा वेगळी. हवेचा हिशेबही तेव्हाच मांडून बघितला. पंखा जी ताकद खातो ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून इंजिनाची ताकद सात-आठ टक्क्यांनी घटली तर फेरे सुमारे अडीच टक्क्यांनी उतरतात, म्हणजे ५५०० वर दीडशेच्या घरात. थोडक्यात, किनारा सोडून मेच्या नागपुरात आल्याबरोबर एक इंच पिच आपोआप जड झाला. उरलेला इंच माणसांच्या वजनाचा.

“तेराचा काढून अकराचा लावला तं स्पीड कमी होईल ना काका?” मित्रानं विचारलं.

“तुझी एकट्याची होईल. सहा जणांची नाही होणार.”

त्याला ते पटलं नाही. पैसे त्याचे, बोट त्याची, शंका रास्तच होती. पण अकराचा पंखा मागवला.

तो बदलण्याचं काम बघण्यासारखं असतं, म्हणून जरा तपशिलात लिहितो. बोट काठाला लावली, इंजिन तिरपं करून वर घेतलं. सगळ्यात आधी किल-स्विचची दोरी (ती निघाली की इंजिन बंद पडतं) काढली, किल्ली खिशात टाकली, बॅटरी तोडली, इंजिन न्यूट्रलला आहे हे पंखा हातानं फिरवून पाहिलं. याच्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही, कुणी कितीही घाईत असो. मग पातं आणि त्याच्यावरची आडवी प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला, म्हणजे नट फिरवताना पंखा फिरत नाही. वाकवलेली कॉटर पिन पक्कडीनं सरळ केली आणि ओढून काढली. खाचांचा नट सुटला, वॉशर निघाले. ते ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं फडक्यावर मांडून ठेवले. पंखा दोन्ही हातांनी मागे ओढला, थोडा अडला, मग शाफ्टच्या दात्यांवरून सरकत बाहेर आला.

आणि मागे, शाफ्टच्या बुडाशी, तंगूस. कुणाच्या तरी गळाचा किंवा जाळ्याचा नायलॉनचा धागा, वेढ्यावर वेढे बसून उष्णतेनं वितळून कडक झालेला. पोरानं चाकूच्या टोकानं तो हळूहळू सोडवला. आमच्या तलावांवर हा प्रकार सर्रास असतो आणि त्याचा धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. हा धागा आत सरकत जाऊन ऑइल सील कापतो, मग गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. गिअर ऑइल दुधाळ निघालं, की समजायचं तंगूस आत पोचला. मासेमारीच्या तलावावर चालणाऱ्या बोटीचा पंखा मोसमात एकदा तरी काढून मागे बघावं. काम अर्ध्या तासाचं आहे, आणि गिअरबॉक्सचा खर्च वाचतो.

शाफ्ट पुसला, दात्यांवर पाण्यात न धुपणारं ग्रीस लावलं. पुढचा जाड थ्रस्ट वॉशर आधी, मग अकराचा पंखा, मागचे वॉशर, नट आणि नवी कॉटर पिन. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही. ती दोन-चार रुपयांची वस्तू आहे, आणि ती तुटली तर पंखा तलावाच्या तळाशी.

सहा जण बसले, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. थ्रॉटल दिला. बोट सहा-सात मोजेपर्यंत पाण्यावर चढली. टॅकोमीटरवर ५१५०. वेग ताशी पस्तीस किलोमीटर, म्हणजे तेराच्या पंख्याला सहा जणांसह जेवढा मिळत होता तेवढाच. फरक इंजिनाच्या सुरात होता आणि चालवणाऱ्याच्या नजरेत होता, कारण आता त्याला समोरचं पाणी दिसत होतं. मग मित्र एकटा फिरून आला. ५९५० फेरे, पट्टीच्या आत. वेग सत्तेचाळीसवरून त्रेचाळीसवर आलेला. ते चार किलोमीटर त्याला अजून सलतात. मला विचाराल तर त्या बोटीवर चार किलोमीटरची किंमत काही नाही. तिथं माणसं नेण्याचं काम आहे.

मोजून, बसवून, पुन्हा मोजून पंखा ठरवण्याची ही रीत प्रोपेलरइतकीच जुनी आहे. १८३६ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्यानं जहाजाला लावायच्या स्क्रूचं पेटंट घेतलं. त्याचा स्क्रू लाकडी होता, त्याला दोन पूर्ण वेढे होते. पुढच्या वर्षी कालव्यावर चाचणी चालू असताना तो कशावर तरी आदळला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. उरलेल्या एका वेढ्यावर बोट पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली. स्मिथनं पाण्याचा कौल मान्य केला आणि पुढं एकाच वेढ्याचा स्क्रू घेतला. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. आपली आवडती आकृती मोडल्यावर ती पुन्हा जोडत न बसता त्यानं बोटीकडे बघितलं.

धातूचा प्रश्न नेहमी निघतो. स्टेनलेस स्टीलचा पंखा दिसायला देखणा, चकचकीत. पाती पातळ असूनही जोर पडल्यावर ती वाकत नाहीत, त्यामुळे वेगवान बोटीला त्याचा खरोखर फायदा होतो. पण तो महाग, आणि आमच्या पाण्यात तो मला नको वाटतो. धरणांच्या बुडीत क्षेत्रात जुन्या झाडांची खोडं उभी असतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वीतभर खाली खडक आणि बांध येतात, मालगुजारी तलावांत तर बेशरमीची झुडपं पार आतपर्यंत. अॅल्युमिनिअमचं पातं खोडावर आदळलं तर ते वाकतं किंवा तुकडा उडतो. नुकसान तिथंच थांबतं. स्टीलचं पातं स्वतः शाबूत राहून तो धक्का शाफ्टकडे आणि गिअरकडे पाठवतं. पंख्याच्या पोटात रबराचा हब असतो, काही जुन्या लहान इंजिनांत शिअर पिन असते. दोन्ही अशा धक्क्यातच निसटण्या-तुटण्यासाठी ठेवलेले असतात, पण दर वेळी सगळा मार त्यांनी झेलावा अशी अपेक्षा धरू नये. माझा सल्ला एवढाच, की अॅल्युमिनिअमचा पंखा लावा आणि दुसरा तसाच बाकाखाली ठेवा, सोबत पाना, पक्कड, कॉटर पिना आणि लाकडाचा ठोकळा. भर तलावात जे सुटतं ते जोडायला याच्यापलीकडे काही लागत नाही.

पात्याची कड अंगठ्यानं चाचपून बघायची सवय लावावी. नवी कड सलग, गुळगुळीत लागते. वापरलेल्या पंख्यावर बारीक दाते लागतात, कुठं किंचित मुडपलेलं टोक. डोळ्यांना हे क्षुल्लक दिसतं, पण मिनिटाला अडीच-पावणेतीन हजार फेरे घेताना तेवढ्यानं तोल जातो, इंजिन थरथरतं, वेग पडतो. बारीक दाते कानशीनं घासून निघतात. पातं मोठं वाकलं असेल तर घरी हातोडा घेऊन बसू नये. तिन्ही पात्यांचा पिच सारखा राहिला पाहिजे, आणि ते मापायला साधन लागतं.

दोन त्रास असे आहेत की ज्यांची नेहमी गल्लत होते. एक, वळताना किंवा लाटेवर इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट मात्र ढिली पडते. तिथं पंख्यानं पृष्ठभागावरची हवा ओढून घेतलेली असते. इंजिन फार वर बसवलं की हे होतं. पंख्याच्या वरची ती आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी. लहान बोटींच्या मागच्या फळीची उंची साधारण १५ किंवा २० इंच असते, आणि इंजिनही तशाच लांबीच्या शाफ्टचं घ्यावं लागतं. ते माप चुकलेलं असेल तर जगातला कुठलाही पंखा ती बोट सुधारू शकत नाही. पात्यांमध्ये जलपर्णी अडकली तरी असाच भास होतो. अशा वेळी थांबून, इंजिन बंद करून ती काढायची, रेटायचं नाही.

दुसरा त्रास कॅव्हिटेशनचा. पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो, की पाणी गार असतानाच तिथं उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढं जाऊन ते फुटताना धातूला खड्डे पाडतात. अभियंते चार्ल्स पार्सन्स यांच्या, वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या टर्बिनिया या जहाजाची १८९४ मध्ये यामुळेच फजिती झाली. टर्बाइन जबरदस्त होतं, पण एकाच शाफ्टवरचा पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरत होता. त्यांनी काचेच्या खिडक्या असलेल्या टाकीत छोटे पंखे फिरवून तो प्रकार डोळ्यांनी पाहिला, मग तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन पंखे अशी रचना केली. १८९७ च्या नौदल संचलनात त्याच जहाजानं ३० नॉटच्या (ताशी सुमारे ५५ किलोमीटरच्या) वर वेग घेतला. आपल्या ४० अश्वशक्तीच्या बोटीत हे एवढ्या थराला जात नाही. तरी पात्याच्या पाठीवर, कडेजवळ, वाळूनं खरवडल्यासारखे डाग दिसू लागले तर कड तपासावी. तिच्यातल्या खरचटीच्या मागेच हे बुडबुडे बहुधा सुरू होतात.

आता ज्यासाठी हे सगळं मांडावंसं वाटलं त्याकडे येतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. रात्रीतून काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत तळमजले बुडाले, मोरभवन बसस्थानकात बस पाण्यात उभ्या होत्या. राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि एनडीआरएफची पथकं बोटी घेऊन घरांतून माणसं काढत होती. म्हातारी माणसं, लेकरं, अंथरुणाला खिळलेले रुग्ण. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या शहरात, जिथं एरवी स्कूटर उभ्या असतात त्या गल्लीत बोट चालवावी लागते हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

अशा कामाच्या बोटीला वेगाचा पंखा काय कामाचा? तिला पूर्ण भार घेऊन, प्रवाहाच्या उलट, हळू आणि जोरानं ढकलायचं असतं. तिथं पिच कमी आणि व्यास जमेल तेवढा मोठा हवा. चार पात्यांचा पंखा मिळाला तर आणखी बरा, कारण चार पाती कमी वेगातही पाणी घट्ट धरतात आणि वळताना सुटत नाहीत. वरचा वेग थोडा जातो, तो गेला तरी चालेल. तीनवरून चार पात्यांवर जाताना पिच साधारण एक इंचानं उतरवावा लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावं, नाहीतर इंजिन पुन्हा दबतं.

आणि पात्याभोवती गार्ड. गार्डमुळे जोर थोडा घटतो, मागे जाताना बोट जरा आळशी होते, म्हणून काही चालक तो काढून ठेवतात. पुराच्या गल्लीत पाण्याखाली काय काय असतं ते आठवा. कुंपणाच्या तारा, बुडालेल्या दुचाकी, दोरीवरचे कपडे, आणि छातीभर पाण्यातून बोटीकडे येणारी माणसं. थ्रॉटल अगदी कमी, इंजिन ८०० फेऱ्यांवर, फक्त गिअर पडलेला. दोनास एक गिअर धरला तर पंखा मिनिटाला ४०० फेरे घेतो. तीन पाती म्हणजे एका सेकंदात वीस वेळा एकाच जागेवरून पातं जातं. ज्याला आपण ‘इंजिन नुसतं चालू आहे’ म्हणतो ती ही अवस्था. पाण्यातला माणूस हाताच्या अंतरावर आला की न्यूट्रल पुरत नाही, इंजिन बंदच करायचं आणि वल्हं हातात घ्यायचं. चालकाच्या मनगटाला किल-स्विचची दोरी बांधलेली असलीच पाहिजे. यात सवलत नाही.

मला कळकळीनं वाटतं, की पावसाळ्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, जिल्ह्यातली प्रत्येक सरकारी, खाजगी आणि संस्थेची बोट एकदा भर दुपारी पाण्यात उतरवावी. हवा सगळ्यात पातळ असते तेव्हाच. जेवढी माणसं बसवण्याची परवानगी आहे तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवावीत, टॅकोमीटर लावावा, पूर्ण थ्रॉटल द्यावा. आकडा पट्टीच्या खाली आला तर पंखा बदलावा, आणि जुना पंखा राखीव म्हणून त्याच बोटीत ठेवावा. मग इंजिनाच्या टोपावर पांढऱ्या रंगानं पंख्याचा पिच, माणसांची संख्या आणि आलेले फेरे लिहून टाकावेत, म्हणजे पहाटे तीन वाजता दुसराच कुणी चालक आला तरी त्याला ही बोट किती ओढते ते विचारत बसावं लागणार नाही. मित्राच्या बोटीवर त्या ढिवर पोरानं हे लिहून टाकलं आहे: ११, सहा, ५१५०.